मंगळावरच्या हवामान खात्याकडे पण बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मंगळाचे फोटो येतात, लाल डोंगर, रोव्हरच्या चाकांचे माग, ते आम्ही घरातले सगळे आवडीने बघतो. पण त्या रोव्हरवर हवा, वारा आणि धूळ मोजणारी जी यंत्रं असतात त्यांच्याबद्दल मात्र कधी चार ओळी पण वाचल्याचं आठवत नाही, म्हणून हे पत्र.

मी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी. शेतावर सोलर पंप आहे आणि एप्रिल-मे मध्ये पॅनल दोन दिवस पुसले नाहीत तर पाणी कमी येतं हे रोज बघतो. त्यामुळे मंगळावर सोलर पॅनलवर चालणाऱ्या नासाच्या ऑपॉर्च्युनिटी रोव्हरचं जे झालं ते मला आतून कळलं. 90 दिवसांसाठी पाठवलेली गाडी 14 वर्षं चालली, 45 किलोमीटर गेली, आणि जून 2018 च्या वादळात धुळीने आकाशच झाकलं. आकाशात धूळ किती आहे हे सांगायचा एक आकडा असतो, त्याला ताऊ म्हणतात, एरवी तो 0.5 च्या आसपास असतो तो 10.8 वर गेला, म्हणजे भर दुपारी रात्र. दिवसाला 645 वॉट-तास मिळणारी वीज 22 वर आली. 10 जूनला शेवटचा संपर्क झाला. त्यानंतर किती महिने हाका मारत राहिले पण उत्तर आलं नाही, फेब्रुवारी 2019 मध्ये मोहीम संपल्याचं जाहीर केलं. पुसायला तिथे कोण जाणार?

मंगळावर एकाच जागी उभ्या असलेल्या नासाच्या इनसाइट यानाचं पण तेच झालं, फक्त हळूहळू. त्याच्या लोकांनी मे 2021 मध्ये यांत्रिक हाताने पॅनलच्या जवळ वाळू सोडली, वाऱ्याने ते जाड कण पॅनलवरून उड्या मारत गेले आणि जाताना बारीक धूळ घेऊन गेले! दिवसाला 30 वॉट-तासाची भर पडली. मातीने माती पुसायची, आपल्याकडे राखेने भांडी घासतात तसंच. तरी डिसेंबर 2022 मध्ये तेही बंद पडलं.

म्हणून मला वाटतं की धूळ केव्हा उठते, किती बसते, कुठल्या वाऱ्याने उडून जाते हे जमिनीवर उभं राहून मोजणं हे सगळ्यात गरजेचं काम आहे. पर्सिव्हियरन्स रोव्हरवर हे काम मेडा नावाचा संच करतो, स्पेनच्या शास्त्रज्ञांनी बनवलेला, त्यातले हवेचा दाब आणि दमटपणा मोजणारे भाग फिनलंडच्या हवामान संस्थेचे. सगळं मिळून वजन साडेपाच किलो. 19 फेब्रुवारी 2021 ला अर्धा तास चालू केला तेव्हा उणे 20 अंश होतं आणि तेवढ्या वेळात उणे 25.6 पर्यंत उतरलं. वारा मोजायची पद्धत तर फार आवडली. बारीक पट्ट्या विजेने गरम ठेवायच्या, वारा लागला की त्या निवतात, आपण चहावर फुंकर मारतो तशा, मग परत तेवढ्याच गरम ठेवायला किती वीज लागली त्यावरून वारा काढायचा. तिथली हवा आपल्या एक टक्क्याहून पातळ, तिच्यात पंखा फिरवून वारा मोजणं अवघड, म्हणून ही युक्ती. धुळीसाठी वेगळे प्रकाश सेन्सर, आकाशाकडे तोंड केलेले आणि आडवे बघणारे पण.

आणि ज्याला मोजायचं तेच यंत्राला मारतं. नासाच्याच क्युरिऑसिटी रोव्हरचा एक वारा सेन्सर 2012 ला उतरतानाच गेला, बहुतेक रॉकेटच्या झोताने उडालेले खडे लागून. मेडाच्या वारा सेन्सरला 2022 च्या सुरुवातीला वाऱ्याने उडालेल्या खड्यांचा मार बसला, माप चालू राहिलं पण पहिल्यासारखं नाही. क्युरिऑसिटीच्या अतिनील किरण मोजणाऱ्या सेन्सरभोवती चुंबक बसवलेत, कारण मंगळाची धूळ लोहाची, ती चुंबकाकडे ओढली जाते आणि काच जरा मोकळी राहते. अशी डोकी लावणाऱ्या माणसांचं कौतुक कुठे छापून येत नाही याचं वाईट वाटतं. 27 सप्टेंबर 2021 ला तर एक वावटळ, 25 मीटर रुंद आणि 118 मीटर उंच, थेट पर्सिव्हियरन्सवरून गेली आणि त्याच्या माइकने तिचा आवाज पकडला, कण आपटल्याचा सुद्धा.

आपल्या चंद्रयान-3 ने पण हेच शिकवलं ना. तापमान मोजणारी चास्टे नावाची 10 सेन्सरची काठी चंद्राच्या मातीत घातली, वर 50 अंशांच्या आसपास आणि 8 सेंटिमीटर खाली उणे 10. छोटं यंत्र, पण ते तिथे नेलं नसतं तर हे मोजलं कोणी असतं. उद्या आपण मंगळावर उतरू तेव्हा वजन वाचवायला म्हणून हवामान आणि धुळीचे सेन्सर पहिले काढू नयेत, कॅमेरा एक कमी चालेल, हे माझं कळकळीचं म्हणणं आहे.

आणि एक विनंती तुम्हाला. नासा रोव्हरजवळचं तापमान आणि दाब सगळ्यांसाठी उघडं ठेवते. रविवारच्या अंकात पुणे, नागपूर, सोलापूरच्या तापमानाखाली एक ओळ पर्सिव्हियरन्स जिथे उतरला त्या जेझेरो विवराच्या भागातली पण छापा, कमाल, किमान आणि आकाशात धूळ किती ते. आमच्या गावच्या शाळेतली पोरं ती ओळ आधी वाचतील.

आपला एक नियमित वाचक,
सोलापूर जिल्हा