‘थोडीशी’ म्हणजे किती मिलिलिटर?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत मद्यपानावर सध्या जी चर्चा चालू आहे, तिच्यात ‘आपल्याकडचा सरासरी माणूस फारसा पीत नाही, मग एवढी काळजी कशाला’ असा सूर एकदोन पत्रांतून उमटला. आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला सरासरीचा असा वापर पाहून गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१६ साली भारतात पंधरा वर्षांवरील माणशी मद्यसेवन वर्षाला ५.७ लिटर शुद्ध अल्कोहोल इतके होते. याला ३६५ने भागून लिटरचे वजनात रूपांतर केले तर दिवसाला सुमारे १२ ग्रॅम, म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका छोट्या पेगाहून जरासे जास्त, असे उत्तर येते. हा एवढाच पेग रोज इमानेइतबारे घेणारा ‘सरासरी भारतीय’ मात्र शोधूनही सापडायचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी, तर स्त्रियांपैकी अर्ध्या टक्क्याहूनही कमी जणींनी आपण मद्य घेतो असे सांगितले. घरी आलेल्या पाहणी करणाऱ्यासमोर सगळेच खरे बोलतात असे नाही, हे गृहीत धरले तरी बहुसंख्य लोक थेंबही घेत नाहीत आणि त्यांच्या नावावर मांडलेला पेग दुसराच कोणीतरी रिचवतो, हे उघड आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातले पिणारे सुमारे १६ कोटी आणि त्यांपैकी मदतीची गरज असणारे ५.७ कोटी, म्हणजे दर तिघांत एकाहून जास्त, असा हिशेब आहे.

आपण नाशिककर गोदावरीचा पूर वर्षाच्या सरासरी पाण्यावरून कधी मोजत नाही. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, एवढेच आपण विचारतो. वर्षाची सरासरी काढली तर मारुतीचे पाऊलसुद्धा भिजायचे नाही, पण तेवढ्यावर विसंबून सराफ बाजारातला कोणी दुकानदार पावसाळ्यात तळघरात माल ठेवत नाही.

सरासरी अगदीच निरुपयोगी असते, असेही मला म्हणायचे नाही. फ्रान्समधील संशोधक लेदेरमान यांनी १९५६ साली दाखवले की मद्यसेवनाची विभागणी एका बाजूला लांब शेपूट असलेली असते, म्हणजे बहुतेक जण थोडे आणि मोजके लोक फारच जास्त घेतात, आणि समाजाची सरासरी वाढली की त्या शेपटातल्या अतिमद्यपींची संख्याही वाढते. त्यांच्या सूत्रावर पुढे बरेच आक्षेप घेतले गेले, तरी शेपूट काही कोणाला नाकारता आलेले नाही.

अडचण अशी, की त्या शेपटात बसलेल्या माणसाला आपण तिथे आहोत हे कळत नाही. ‘बसणाऱ्या’ मंडळींत प्रत्येक जण स्वतःची तुलना शेजारच्या खुर्चीशी करतो आणि त्या टेबलावरचे माप त्याला साऱ्या जगाचे माप वाटू लागते. म्हणून थोडे ग्रॅममध्ये बोलू. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल असते. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा अधिक, आणि तेही महिन्यातून एकदा जरी झाले, तरी जागतिक आरोग्य संघटना त्याची गणना अतिसेवनात करते. ब्रिटनमध्ये सरकारी सल्ल्यानुसार आठवड्याची मर्यादा ११२ ग्रॅम आहे, म्हणजे दोन क्वार्टरांत ती ओलांडली जाते. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ४१ ग्रॅम असतात. आपल्या जिल्ह्याला जिचा अभिमान आहे ती वाइनही हिशेबाबाहेर नाही, कारण १३ टक्क्यांची ७५० मिलिलिटरची बाटली एकट्याने संपवली तर ७७ ग्रॅम पोटात जातात, मग ती कितीही ‘हलकी’ म्हणून घेतलेली असो. शिवाय पूर्णपणे निर्धोक असे प्रमाणच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट केले आहे.

माझे मेहुणे सातपूरच्या एका कारखान्यात होते. डॉक्टरांनी विचारले की ‘थोडीशी घेतो’ हे त्यांचे ठरलेले उत्तर असे, आणि डॉक्टरही केसपेपरवर तेवढेच लिहीत. गटारीला मित्रांबरोबर मनसोक्त घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळायचा, असे त्यांनी एका वर्षी ठरवले. घरात सर्वांना आनंद झाला, मलाही झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात कापू लागले, तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे चालताना दिसू लागले आणि पहाटे त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. ‘रोज एक क्वार्टर, शनिवारी दोन’ हा खरा आकडा तिथे माझ्या बहिणीने सांगितला, तेव्हा तो आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकला. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवले तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रमाची अवस्था येऊ शकते आणि उपचार न मिळाल्यास ती जिवावर बेतते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हाच टप्पा बहुधा सुखरूप पार पडतो. मेहुणे बचावले. श्रावण पाळणे चांगलेच, पण निश्चयापलीकडे आणखी काही लागते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

आपल्या महानगरपालिकेच्या आणि ग्रामीण भागातल्या आरोग्य केंद्रांत ‘दारू घेता का?’ या प्रश्नाला जोडून ‘आठवड्यातून किती दिवस आणि एका वेळी किती मिलिलिटर?’ असेही विचारले जावे, अशी माझी सूचना आहे. याला ना निधी लागतो ना नवे यंत्र. बाटलीवर टक्केवारी छापलेली असते, ग्रॅम छापलेले नसतात. तेव्हा क्वार्टर, बिअरची बाटली आणि वाइनचा ग्लास यांचे ग्रॅम दाखवणारा एक छोटा तक्ता आपण आषाढ अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात छापावा. आकडेमोड मी करून देईन. तक्त्याखाली एवढी एकच ओळ हवी, की ज्यांना रोज घेण्याची सवय आहे त्यांनी श्रावण धरण्यापूर्वी डॉक्टरांना आपला खरा आकडा सांगावा.

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र अध्यापक
इंदिरानगर, नाशिक