शस्त्रक्रिया नको म्हणणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आईच्या कानाच्या आत, मेंदूजवळ असलेल्या गाठीचा ताजा एमआरआय बघून "गाठ आहे तेवढीच आहे, पुढच्या वर्षी भेटू" म्हणालात आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलंत. बाहेर माणसं ताटकळत होती, त्यामुळे मनातलं बोलायला जमलं नाही. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण असाच रिपोर्ट हातात धरून हादरलेली घरं मराठवाड्यात आणखी असणार.

आईला डाव्या कानानं कमी ऐकू यायला लागलं, त्यात रातकिड्यांसारखा आवाज सुरू झाला, तेव्हा "वयाचं आहे, मळ असेल" म्हणत नुसते थेंब दिले गेले. एकाच कानाचं का कमी होतंय, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. पुढं एका बड्या दवाखान्यात एमआरआय झाला आणि सगळं एकदम उलटं फिरलं. "मेंदूजवळ गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल, ॲडमिट कधी करता?" गाठ केवढी, कॅन्सरची आहे का, थांबलं तर काय होईल, अवाक्षर नाही. खर्चाचा कागद मात्र तेवढ्यात हातात पडला. आम्ही गंगाखेडला परत येईपर्यंत भावानं वावराला गिऱ्हाईक बघून ठेवलं होतं. इसार घ्यायचाच काय तो बाकी होता. त्या लोकांचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

तुमच्याकडं आलो तेव्हा मी फाईल पुढं करून बोलायला लागलो. तुम्ही मला थांबवलंत आणि आईला विचारलंत, "मावशी, कोणत्या कानानं नीट ऐकू येतं?" तिनं उजव्या कानाला हात लावला. तुम्ही उठलात, स्टूल ओढत टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या अंगाला येऊन बसलात, तोंडावरचा मास्क खाली केलात. तोवर प्रत्येक डॉक्टर माझ्याशीच बोलला होता, आणि ती मधोमध बसून आमच्या तोंडांकडं बघत राहायची. ती म्हणाली, "बाई, मला काय झालंय ते मलाच सांगा. पोरं सांगंनात." आणि तुम्ही खरंच तिला सांगितलंत.

ही कॅन्सरची गाठ नाही. तोल सांभाळणाऱ्या नसेच्या आवरणातून ती येते आणि बहुतेकदा फार सावकाश वाढते, वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर. कित्येक वाढतच नाहीत. आईची जेमतेम आठ मिलिमीटरची, अजून कानाच्या हाडातल्या बोगद्यातच. चेहरा हलवणारी नस त्याच बोगद्यातून जाते, म्हणून चाकू लावला तर तोंड वाकडं होण्याचा धोका, उरलेलं ऐकणं जाण्याचा धोका, आणि गेलेलं ऐकणं ऑपरेशननं परत येत नाही. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांच्या वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या, त्यांत बोगद्यातल्या शंभर गाठींमागं सतराच्या आसपासच वाढल्या, त्याही पहिल्या चार-पाच वर्षांत. म्हणून सहा महिन्यांनी एक एमआरआय, नंतर दरवर्षी. वाढली तर किरणोपचार किंवा ऑपरेशन, तेव्हा ठरवू.

तुम्ही गोड गोड मात्र बोलला नाहीत. गाठ तेवढीच राहिली तरी ऐकणं हळूहळू कमी होऊ शकतं, हेही तिला तोंडावर सांगितलंत. गाठ मोठी असती, मेंदूच्या देठावर दाब देत असती, तर मीच आज ऑपरेशनला पाठवलं असतं, म्हणालात. ऐकू येणं अचानक घटलं, चेहरा बधिर झाला, चालताना तोल जायला लागला, तर तारखेची वाट न बघता निघून या, हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलंत. त्यामुळंच आमचा विश्वास बसला. थांबणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे, त्याला नेमानं बघत राहावं लागतं, हे आमच्या घरात आता सगळ्यांना कळलंय.

मॅडम, तुमच्या ओपीडीची गर्दी मी पाहिली आहे. जालना, हिंगोली, पार किनवटकडून माणसं पहाटेची एसटी धरून येतात. एवढ्या रेट्यात एका म्हातारीसाठी खुर्ची सोडून उठणारं माणूस असतं, आणि जिथं पैसा मिळाला असता तिथं "नको" म्हणणारंही असतं, यावर आमच्या घराचा विश्वास उडत चालला होता. वावर अजून आमच्याच नावावर आहे, त्यात यंदा सोयाबीन आणि तूर आहे. आई शेजारणीशी बोलताना तिला आपणहून उजव्या बाजूला बसवते आणि पोटभर हसते, दोन्ही गालांनी.

पुढच्या खेपेला मी बाहेर बसणार आहे, असं तिनंच ठरवलंय. तिला तुम्हाला काही विचारायचंय. काय ते मला सांगत नाही.

आपला कृतज्ञ,
गंगाखेडच्या मावशींचा थोरला मुलगा