रायफलच्या नळीतील काजळी

महोदय,

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून नेमबाजीच्या रेंजवर मुलांची गर्दी वाढली आहे. याचा आनंद मोठा आहे. मात्र क्लबच्या सामायिक रायफलींची देखभाल कुणाच्याच वाट्याला येत नाही. मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा होतो, म्हणून राहवत नाही.

पॉइंट २२ (०.२२ इंच) रायफलीच्या नळीत, काडतूस जिथे बसते त्या चेंबरच्या अगदी पुढे काजळीचे कडे धरते. जळालेली दारू, प्रायमरमधली (दारू पेटवणाऱ्या मसाल्यातली) काचेची पूड आणि गोळीवरचे मेण यांचा तो थर दगडासारखा घट्ट होतो. नुसती तेलाची चिंधी फिरवून तो निघत नाही. नेम चांगला असूनही गोळ्या विखुरतात आणि बोलणी खातो बिचारा खेळाडू!

रायफल रिकामी असल्याची आधी खात्री करावी, बोल्ट काढावा. कार्बन विरघळवणारे द्रावण त्या कड्यावर लावून पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावे. मग बोअर गाइड (रॉड नळीत सरळ ठेवणारी नळकांडी) बसवून रॉडला लावलेला ब्राँझचा ब्रश चेंबरकडून नळीच्या तोंडाकडेच न्यावा. रॉड वाकून तोंडाची कड घासली, तर ते नुकसान सहज भरून येत नाही. पॉलिश पेपर किंवा लोखंडी ब्रश कुणी वापरताना दिसला, की माझा जीव कळवळतो. शेवटी कोरड्या चिंध्या स्वच्छ निघेपर्यंत फिरवाव्यात.

जिल्हा क्रीडा कार्यालयांनी प्रत्येक रेंजला बोअर गाइड, चांगला रॉड आणि एक प्रशिक्षित माणूस द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त आर्मरर, कोल्हापूर