रात्रीचा फोटो ‘हललेला’ कधी म्हणावा?

माननीय संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत रात्रीच्या रस्त्यांची पाच छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यावर, ‘यातले बहुतेक फोटो हललेले आहेत, असले फोटो छापून जागा कशाला वाया घालवता’, असा सवाल एका वाचकांनी पत्रातून केला होता. केवळ हौस म्हणून गेली वीसेक वर्षे रात्री कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचे उत्तर द्यावेसे वाटणे साहजिक आहे. त्यांचे म्हणणे मला सर्वस्वी अमान्य आहे असे मात्र नाही, आणि माझी खरी तक्रार त्यांच्याबद्दल नसून, वाचकांकडून छायाचित्रे मागवण्यासाठी पुरवणीत छापल्या जाणाऱ्या आवाहनातील एका अटीबद्दल आहे.

‘फोटो हलला’ असे आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतो. कधी हात हललेला असतो, कधी समोरचा माणूस किंवा वाहन, आणि कधी काहीच हललेले नसते, नुसता फोकस चुकलेला असतो. यांतले नेमके काय घडले, हे चित्रातल्या लांबच्या दिव्यांकडे पाहिले की कळते. हात हलला असेल तर प्रत्येक दिव्याला त्याच वळणाची, त्याच दिशेची शेपटी फुटते. फोकस चुकला असेल तर दिव्याचा ठिपका फुगून त्याची चकती होते. दिवे, खांब आणि पदपथाच्या फरशा मात्र जागच्या जागी नेटक्या असून फक्त माणसे विरघळलेली असतील, तर कॅमेरा स्थिर होता आणि शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा, जाणूनबुजून जास्त वेळ उघडे ठेवले होते, असे बहुधा खुशाल समजावे. आपण छापलेल्या पाचांपैकी तीन चित्रे या शेवटच्या जातीची होती. एका चित्रात मात्र सरळसरळ हात हललेला होता, आणि त्याला ‘कलात्मक’ म्हणणे मलाही जड जाते.

उजेड कमी असला आणि फ्लॅश वापरायचा नसला, की छायाचित्रकारापुढे तीनच वाटा उरतात. भिंगाचे तोंड पूर्ण उघडावे, तर फोकसमध्ये राहणारा पट्टा अरुंद होतो आणि पुढचा माणूस साधला तरी मागची गर्दी सुटते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवावा, तर चित्रभर दाणे उमटतात. हे दाणे सगळेच्या सगळे यंत्राचे पाप नव्हे, कारण अंधारात प्रकाशाचे कण मुळातच थोडे असतात आणि तेही एकसारखे येत नाहीत. तिसरी वाट वेळेची. सहज चालणारा माणूस सेकंदाला साधारण १.४ मीटर अंतर कापतो. म्हणजे शटर १/१५ सेकंद उघडे राहिले तर तो ९ सेंटीमीटर पुढे सरकतो आणि १/४ सेकंद राहिले तर ३५ सेंटीमीटर. त्यातही गंमत अशी की चालताना जमिनीवर टेकलेले पाऊल तेवढा वेळ स्थिरच असते. त्यामुळे अशा चित्रात पुष्कळदा माणूस धुरासारखा पुसट होतो आणि त्याचा एकच बूट, अगदी नाडीसकट, स्वच्छ उमटतो. ही चूक म्हणायची की चालण्याची हुबेहूब नोंद, हे त्या वाचकांनीच ठरवावे.

छायाचित्रणाला हा अनुभव त्याच्या जन्मापासूनचा आहे. छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक, लुई दागेर यांनी १८३८ मध्ये पॅरिसच्या बुलव्हार द्यू तांप्ल या रस्त्याचे चित्र घेतले, ते भर दिवसा. पण त्याला काही मिनिटे लागल्यामुळे रस्त्यावरची सगळी वर्दळ नाहीशी झाली आणि बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस तेवढा उरला. पुढे १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला छायाचित्रकार ब्रासाई त्याच शहराच्या रात्री टिपत हिंडत, तेव्हा शटर किती वेळ उघडे ठेवायचे हे ते सिगारेट संपायला लागणाऱ्या वेळावर मोजत. जपानी मंडळींनी तर या ‘दोषां’ची रीतसर नावेच ठेवली. टोकियोत १९६८ मध्ये निघालेल्या आणि तीन अंकांतच आटोपलेल्या ‘प्रोव्होक’ या नियतकालिकातील ताकुमा नाकाहिरा, दाइदो मोरियामा यांच्या शैलीला ‘आरे, बुरे, बोके’ म्हणतात, म्हणजे दाणेदार, हललेले आणि फोकसबाहेरचे. आपण एकाच शब्दात गुंडाळतो त्या गोष्टींना तिकडे दोन स्वतंत्र शब्द आहेत. (महागड्या भिंगातून मिळणाऱ्या लोण्यासारख्या मऊ, धूसर पार्श्वभूमीला हल्ली जे ‘बोके’ म्हणतात, ते याच शब्दावरून आलेले, मराठी वाचकाला त्यात मांजरे दिसली तर दोष त्याचा नव्हे.)

आता तक्रारीकडे वळतो. आपल्या आवाहनात ‘छायाचित्र सुस्पष्ट असावे’ अशी अट आहे, आणि याच कारणावरून माझे एक चित्र परत आले. बसथांब्यावर, दिव्याच्या खांबाला कॅमेरा टेकवून, श्वास रोखून, १/४ सेकंदाने ते घेतले होते. वीसेक फोटो वाया गेल्यावर एक जमला. थांब्यावर एक गृहस्थ घडी घातलेला पेपर काखेत धरून उभे आहेत, त्यांच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसते. मागून जाणाऱ्या बसच्या खिडक्या मात्र वितळून प्रकाशाचा एक लांब पट्टा झाला आहे. तोच फोटो १/५०० सेकंदाने घेतला असता तर बस थांबलेली वाटली असती आणि त्या गृहस्थांचे ताटकळणे चित्रातून निघून गेले असते. बातमीच्या फोटोला ही अट लावणे योग्यच आहे. अपघाताच्या चित्रात गाडीचा नंबर वाचता आला पाहिजे. पुरवणीतल्या छायाचित्रांना तीच पट्टी लावणे मला पटत नाही.

दुसरी बाब उजळपणाची. मोबाइलचा नाइट मोड एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर बसवतो. असे १६ फोटो मिळवले की दाण्यांचा त्रास साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो. ही करामत मोठीच आहे, पण तिच्यातून निघणारी रात्र पुष्कळदा संध्याकाळसारखी दिसते आणि काळे आकाश राखाडी होते. आपल्याकडे छपाईपूर्वीही असेच होत असावे. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि गडद भाग बुजतात, म्हणून चित्र थोडे उजळावे लागते, हे मी समजू शकतो. परंतु त्या पाच चित्रांपैकी एकात दुकानाच्या बंद शटरवरची गंजाची रेघन्‌रेघ दिसत होती, आणि चित्रातला एकुलता एक दिवा त्या उजेडात हरवून गेला होता.

तेव्हा ‘सुस्पष्ट असावे’ ही अट पुरवणीपुरती काढावी आणि चित्राखाली शटरचा वेळ छापावा, म्हणजे हललेले काय आणि हलू दिलेले काय, हे वाचक स्वतःच पडताळून पाहतील. बसथांब्याचे चित्र या पत्रासोबत पुन्हा पाठवत आहे. छापल्यास त्याच्या डाव्या कोपऱ्यातला अंधार उजळू नये, तिथे काहीही नाही.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक