खडे बाजारातल्या दादा आणि अक्कांचे आभार

नावं विचारायची राहून गेली, म्हणून इथं लिहितोय.

शनिवारी खानापूरच्या बसनं कॉम्प्युटर मांडीवर घेऊन बेळगावला आलो. दोन महिने गेम सेकंदाला २० फ्रेमच्या (चित्रांच्या) वर जात नव्हता. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत घातले, विंडोज परत टाकलं, फरक शून्य. खडे बाजारात आलो तर ओळखीचं दुकान बंद. शेजारच्या कट्ट्यावरचे दादा म्हणाले, "मॉनिटरची वायर कुठं लावतोस रे?" मी दाखवलं. "ही मदरबोर्डची जागा. खाली कार्डाला लाव की!" ग्राफिक्स कार्ड असूनही सगळं चित्र प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर निघत होतं.

दादा मला वरच्या मजल्यावर अक्कांकडे घेऊन गेले. वायर बदलताच ७० फ्रेम! पण दहा मिनिटांत परत ३०. अक्कांनी तापमान बघितलं, ९८ अंश. एवढा तापला की प्रोसेसर जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो, हे त्यांनी निम्मं कन्नडात, निम्मं मराठीत इतकं छान समजावलं. पंखा काढला तर खालची, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेली पेस्ट वाळक्या चुन्यासारखी सुटून आली. ती स्पिरिटनं पुसून वाटाण्याएवढी नवी लावली. शेजारी-शेजारी बसवलेल्या रॅमच्या दोन पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातल्या, म्हणजे दोन्ही जोडीनं काम करतात. मग तासभर चालवून बघितलं, ७४ अंशांच्या वर गेलाच नाही.

पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. दादा, अक्का, मनापासून आभार. येत्या शनिवारी घरच्या झाडाचे काजू घेऊन येतोय, नको म्हणू नका.