वसुली सोडली आणि सुट्टी सुरू झाली

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे एकदाच आधी भरायचे अशा बीच रिसॉर्टवर अधूनमधून लेख येतो आणि फोटो बहुतेक तोच असतो, निळंशार पाणी, तिरका माड आणि दोन आरामखुर्च्या ज्यात कोणीच बसलेलं नाही. मी आणि नवरा नुकतेच कॅरिबियनच्या किनाऱ्यावर अशाच एका ठिकाणी सात रात्री राहून आलो. सुट्टी झकास झाली, त्यामुळे हे तक्रारीचं पत्र नाही (थोडंसं आहे), पण त्या लेखांत जे कधीच नसतं ते लिहावंसं वाटलं म्हणून हा खटाटोप.

पहिले दोन दिवस आम्ही आराम केलाच नाही, वसुली केली. सगळ्याचे पैसे आधीच भरलेत म्हटल्यावर डोक्यात कसलं तरी मीटर सुरू होतं हो. नाश्त्याला अंडी तीन तऱ्हेची, अकराला कॉफी आणि केक, बाराला भूक नसताना परत बुफे, वर आइस्क्रीम, मग कयाक फुकट आहे म्हणून कयाक, पॅडलबोर्ड फुकट आहे म्हणून पॅडलबोर्ड, त्यावरून नवरा सहा वेळा पडला आणि सातव्यांदा उभा राहिला तोपर्यंत माझा फोन लॉक झाला होता. संध्याकाळी टेबल बुक केलेलं, पुरुषांना फुल पँट सक्तीची, तीन कोर्स, आणि खोलीत आल्यावर दोघंही पोट धरून आडवे. पहाटे उठून खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवणारी मंडळी होतीच, दुसऱ्या दिवशी आम्हीपण टाकले, आता लिहिताना लाज वाटतेय पण टाकले.

गंमत म्हणजे ऑल-इन्क्लुझिव्हची ही कल्पना निघाली ती नेमकी ह्याच्या उलट कारणासाठी. १९५० साली जेरार्ड ब्लिट्झ नावाच्या बेल्जियन वॉटरपोलो खेळाडूने स्पेनच्या मायोर्का बेटावर आल्कुदियाला तंबू ठोकून क्लब मेड नावाचं सुट्टीचं ठिकाण सुरू केलं. राहणं, जेवण, खेळ सगळ्याचे पैसे एकदाच द्यायचे आणि मग पैसा हा विषयच डोक्यातून काढून टाकायचा. पुढे तर त्यांच्या बारमध्ये नोटांऐवजी मणी चालायचे, गळ्यातल्या माळेतला एक मणी काढून द्यायचा आणि ग्लास घ्यायचा. १९८१ मध्ये जमैकात माँटेगो बे इथे सँडल्स ह्या रिसॉर्ट कंपनीचं पहिलं रिसॉर्ट उघडलं ते फक्त जोडप्यांसाठी. आता मण्यांच्या जागी मनगटाला प्लास्टिकचा पट्टा आलाय, पण हिशोब विसरायला गेलेली माणसं तिथे बसून हिशोबच करतात, त्यात आम्हीपण.

आता ती थोडीशी तक्रार. दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत आले तर किनाऱ्यावर तपकिरी शेवाळाचा ढीग आणि वास कुजक्या अंड्यांचा. सार्गासम म्हणतात त्याला. २०११ पासून हे कॅरिबियनच्या किनाऱ्यांवर लोंढ्याने यायला लागलंय, आणि वाळूवर पडून कुजलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तोच तो वास. समुद्रात तरंगतं तेव्हा बिचारं चांगलं असतं, कासवांची पिल्लं, छोटे मासे त्यात आसरा घेतात. पण रिसॉर्टच्या वेबसाइटवर ह्याबद्दल चकार शब्द नव्हता, आणि रिसेप्शनवर विचारलं तर म्हणे नैसर्गिक आहे मॅडम. मान्य आहे, नैसर्गिकच आहे, तुम्ही आणून टाकलं असं कोण म्हणतंय, पण फोटो कुठल्या महिन्यात काढलाय ते तरी सांगा ना. उन्हाच्या आत ते उचलायला माणसं अंधारात दंताळी घेऊन येतात, त्यातल्या एकाशी नवऱ्याची रोज दोन शब्द बोलण्याइतकी ओळख झाली. टिप सगळ्यात धरलेली आहे असं आम्हाला सांगितलेलं, तरी निघताना आम्ही त्याच्या हातात ठेवली.

तिसऱ्या दिवशी लाल बावटा लागला. नवऱ्याला तोपर्यंत ते बावटे सजावटीचे वाटत होते. हा पाण्याकडे निघाला आणि लाइफगार्डने शिट्टी मारली, सगळा किनारा वळून बघायला लागला. मग त्या पोराने नीट समजावून सांगितलं. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात उतरायचंच नाही, जांभळा म्हणजे जेलीफिश वगैरे. आणि रिप करंट म्हणजे लाटांनी आणलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोरात परत समुद्रात जातं, त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत म्हणून वरून तीच जागा शांत दिसते आणि माणूस नेमका तिथेच उतरतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे जीव तोडून पोहायचं नाही, दमून माणूस बुडतो. तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर पडायचं. इतके लेख वाचले तुमच्याकडचे, हे एकदाही वाचलं नव्हतं.

तर त्या शिट्टीमुळे नाइलाजाने दोघं सावलीत बसलो. पोटही बिघडलेलं, त्यामुळे बुफेला दांडी. दुपारी दोनच्या सुमाराला लक्षात आलं की सकाळपासून आपण काहीच ठरवलं नाहीये. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, त्यात जेवायला काय करू हा प्रश्न मी किती वेळा विचारला असेल देव जाणे, आणि बाहेर जेवलो तरी बिल आलं की ह्याचे डोळे आधी शेवटच्या आकड्यावर. इथे प्रश्नही नाही, बिलही नाही. नवरा एकाच पुस्तकाचं एकच पान दोन तास वाचत होता. मग कधी तरी मुलगी लहान असतानाचं काहीतरी बोलायला लागला, जे मला माहीतच नव्हतं, आणि बोलता बोलता सूर्य गेलासुद्धा. तिकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, बघता बघता काळोख. जेवायला गेलो तेव्हा सूप आणि ब्रेड घेतला, बस्स. ती आमची सुट्टीची पहिली संध्याकाळ असं मी धरते.

पुढचे दिवस सोपे गेले. कयाक पुन्हा केलं पण एकदाच. स्नॉर्केलिंगला गेलो तर पोपटमासा प्रवाळ कुरतडताना कानाला ऐकू येत होता, अगदी कुरुमकुरुम. तो ते दगडासकट खातो आणि मागून वाळू सोडतो, मोठा असेल तर वर्षाला शेकडो किलो, म्हणजे ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूचे आम्ही फोटो काढत होतो ती बरीचशी कशाची आहे ते कळल्यावर नवरा अनवाणी चालेना. सनस्क्रीनचंही तिथेच कळलं, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही रसायनं प्रवाळाला घातक म्हणून हवाईने १ जानेवारी २०२१ पासून ती असलेल्या सनस्क्रीनची विक्री बंद केली. आमच्या ट्यूबवर मागे बारीक अक्षरात दोन्ही नावं होती. मग उरलेले दिवस लांब बाह्यांचा शर्ट घालून पाण्यात.

म्हणून विनंती इतकीच आहे की पुढचा लेख छापाल तेव्हा त्यात महिना छापा. अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि स्वस्त ऑफर बऱ्याचदा त्याच दिवसांतल्या असतात. शेवाळ साधारण वसंत आणि उन्हाळ्यात जास्त, वाऱ्याच्या बाजूच्या किनाऱ्यांवर जास्त, तर रिसॉर्ट बेटाच्या कुठल्या अंगाला आहे तेही लिहा. बावट्यांचे रंग एका चौकटीत द्या. आणि सगळं सामील म्हणजे काय काय सामील नाही तेही, आमच्या ठिकाणी मसाज, स्कूबा आणि बोटीची सहल वेगळी निघाली.

आणि त्या खुर्च्यांमध्ये एखाद्या वेळी माणसं बसवा हो, जरा सुटलेल्या पोटाची, आमच्यासारखी. परत येऊन तीन आठवडे झाले, पट्टा कापून टाकला पण मनगटावर त्याचा पांढरा वळ अजून तसाच आहे.

आपली,
एक नियमित वाचक