आईचं 'माहीत नाही'

मिरज, रविवार

प्रिय संज्या,

परवा फोनवर एकदम म्हणालास, "बाबांना डिमेन्शिया झालाय." मी रिक्षात होतो, नीट बोलता आलं नाही. पण हे तू ठरवू नकोस. मीही आईच्या बाबतीत असाच ठरवून बसलो होतो.

अण्णा गेले त्या वर्षीची गोष्ट. आमटीत दोनदा मीठ, किल्ल्या देव्हाऱ्यात. रोजच्या शब्दकोड्याला हात लावेना. पहाटे तीनला उठून अंधारात बसायची. आम्ही आपले 'वय झालं' म्हणत राहिलो. ती मात्र येईल त्याला सांगायची, "माझं डोकं गेलं रे, काही आठवत नाही."

मानसोपचारतज्ज्ञांनी वार विचारला. "माहीत नाही." महिना? "माहीत नाही, नका विचारू." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर मात्र सावरून बसले. म्हणाले, स्मृतिभ्रंशाचा, म्हणजे डिमेन्शियाचा, माणूस बहुतेकदा चुकीचं का होईना उत्तर देतो, हसून वेळ मारून नेतो. तक्रार घरचे करतात. नैराश्यातला माणूस प्रयत्नच सोडतो आणि विसरण्याचं गाऱ्हाणं स्वतःच सांगतो. १९६१ साली किलोह नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने यावर लिहिलं, तेव्हापासून 'स्यूडोडिमेन्शिया', म्हणजे नैराश्यामुळे भासणारा खोटा डिमेन्शिया, हा शब्द रुळला. अर्थात ही नुसती खूण, पुरावा नव्हे.

मग रक्त तपासलं. थायरॉइड ठीक, बी-१२ कमी. शिवाय पायांची आग होते म्हणून कधीतरी सुरू झालेली ॲमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरचीच जुनी गोळी अजून चालूच होती! म्हातारपणी तीच गोळी स्मरणशक्तीवर मळभ आणते. ती हळूहळू बंद केली, बी-१२ची इंजेक्शनं आणि नैराश्याचं दुसरं औषध सुरू झालं. महिनाभर काहीच फरक नाही, मी वैतागलो. दोनेक महिन्यांनी एका सकाळी आतून हाक आली, "पेन्सिल कुठे ठेवलीस रे माझी?"

मी पेढे आणायला निघणार, तर डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवा. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास आहे, २०१७ साली त्याचे २८ वर्षांचे निष्कर्ष आले. मध्यम वयातल्या नैराश्याचा डिमेन्शियाशी संबंध दिसला नाही. पण ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला, त्यांच्यात निदानाआधी दहाएक वर्षांपासून उदासी वाढत गेली होती. म्हणजे उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य कधीकधी त्या आजाराचीच चाहूल असतं. म्हणून दर सहा महिन्यांनी जातो. काल तिने सिलिंडर आला का, हे दोनदा विचारलं. मी दोन्हीदा "आला" म्हटलं.

बाबांना नेशील तेव्हा घरातली झाडून सगळी औषधं पिशवीत घालून ने. आयुर्वेदिकसुद्धा. आणि काकूंना बाहेर बसवू नकोस. बाबा रात्री किती वाजता जागे होतात, ते त्यांनाच ठाऊक असणार.

तुझा,
बाळ्या